शिवाची सायकल पंक्चर का होत नाही?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी ताईकडे मिसळीचा बेत होता. ताई दुबई मरीनात राहते, एकतिसाव्या मजल्यावर. दहा-बारा मोठी माणसं आणि पाच पोरं. मोठ्यांच्या हातात पाव, तोंडात पुण्यातल्या जागांचे भाव; पोरं टीव्हीसमोर. टीव्हीवर 'शिवा' लागलं होतं.

ज्यांच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'शिवा' ही २०१५ साली निकलोडियनवर सुरू झालेली हिंदी कार्टून मालिका. मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओची, म्हणजे 'मोटू पतलू'वाल्यांचीच. वेदास नावाच्या शहरात नाना-नानींकडे राहणारा नऊ वर्षांचा मुलगा, आणि त्याची सायकल. आता सायकल म्हणजे काय म्हणता! ती उडते, पाण्यावरून जाते, बटण दाबलं की तिच्यातून हवं ते बाहेर येतं. शहरावर संकट आलं की पोलीस तोंडघशी पडतात आणि शिवा सायकलवर टांग मारतो.

आमच्यातले एक गृहस्थ तर्री वाढून घेता घेता पडद्याकडे बघून म्हणाले, "काय दर्जा आहे हा! आपल्याकडे ॲनिमेशन जमतच नाही. पिक्सार बघा." त्यावर दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "असू दे हो, निदान आपलं तरी आहे. नाना-नानी आहेत, सण आहेत. इथे राहून मुलांना दुसरं काय मिळणार?"

मला दोघांशीही भांडायचं होतं, पण तोंडात मिसळ होती. म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी निम्मे पहिल्या गृहस्थांच्या बाजूचे असाल आणि निम्मे त्या बाईंच्या, हे मला ठाऊक आहे. मी दोन्ही घरांत जेवले आहे.

माझं म्हणणं असं की आपल्या सुपरहिरो कार्टूनांचा दोष स्वस्त ॲनिमेशन हा नाही. अतिशयोक्ती हाही नाही. त्यांतली यंत्रं कधी बिघडत नाहीत, हा आहे. आणि हा दोष आपल्याला दिसत नाही याचं कारण आपण परदेशात ज्या तऱ्हेने राहतो त्यात आहे.

आधी पैशाचा मुद्दा निकालात काढू. १९६३ च्या १ जानेवारीला जपानी टीव्हीवर ओसामू तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' सुरू झाली. पैसा इतका कमी होता की चित्रं वाचवण्यासाठी माणसं स्तब्ध ठेवायची आणि नुसते ओठ हलवायचे, एकदा काढलेलं धावणं पुन्हा पुन्हा वापरायचं. आज पाहिलं तर ते 'शिवा'हून कितीतरी गरीब दिसतं. पण त्यातल्या यंत्रमुलाची ऊर्जा संपते. भर लढाईत तो ढेपाळतो, आणि त्या स्तब्ध चित्रातही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. किंवा १९९२ ची 'बॅटमॅन' मालिका घ्या, माझ्या पिढीतल्या अनेकांनी कार्टून नेटवर्कवर पाहिलेली. पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवलेली, माणसं चार-दोन सरळ रेषांत उरकलेली. तपशील कमी. पण बॅटमॅन छतावर उतरतो तेव्हा गुडघे वाकतात, झगा अर्ध्या क्षणाने मागून खाली येतो, आणि दोरीला लटकतो तेव्हा ती दोरी ताणली जाते. त्याला वजन आहे.

ॲनिमेशनमधलं वजन म्हणजे काय ते घरच्या घरी करून बघा. जागेवर उभे राहा आणि उडी मारा. उडी मारण्याआधी तुम्ही खाली दबलात की नाही? तो दबण्याचा भाग काढून टाकला तर माणूस उडी मारत नाही, नुसता वर सरकतो. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी असतात. त्यांतल्या चार-सहा दबण्यावर खर्च केल्या की काम भागतं. हा खर्च रुपयांचा फारसा नाही, लक्ष देण्याचा आहे. शिवाची सायकल उडते ती मात्र संगणकाच्या पडद्यावर माउसचा बाण सरकावा तशी. टायर जमीन सोडताना फुगत नाही, धूळ मागे लोटली जात नाही, पोराचं पोट आत जात नाही. मी जेवढे भाग पाहिले (आणि भाच्यामुळे पुष्कळ पाहिले) त्यांत ती सायकल कधी चार्ज करताना दिसली नाही, तिला तेल घालताना कुणी दिसलं नाही, आणि ती पंक्चर तर कधीच झाली नाही.

"आपल्याकडे जमतच नाही" म्हणणाऱ्या गृहस्थांसाठी एक छोटी माहिती. डिस्नेच्या 'प्लेन्स' (२०१३) आणि 'प्लेन्स: फायर अँड रेस्क्यू' (२०१४) या चित्रपटांचं ॲनिमेशन मुंबईच्या प्राणा स्टुडिओजमध्ये झालं. दुसऱ्या चित्रपटाची गोष्ट ऐका. शर्यतीत धावणाऱ्या विमानाचा गिअरबॉक्स निकामी होतो. सुटा भाग बाजारात मिळत नाही, कारण कंपनीने तो बनवणं बंद केलेलं आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे इंजिन ताणलं की लाल दिवा लागतो. सबंध गोष्ट त्या दिव्यावर उभी आहे. नायक शर्यत सोडून आग विझवायला जातो तोही त्या गिअरबॉक्समुळेच. म्हणजे बिघाड, मर्यादा, सुटे भाग न मिळणं हे सगळं मुंबईतल्या हातांनी उत्तम काढलं. बाहेरच्यांनी सांगितलं तेव्हा काढलं. आपल्या पोरांसाठी काढायला त्यांना कुणी सांगितलंच नाही. शेकड्यांनी भाग, रोजचं प्रसारण, हे गणित मला कळतं. पण पंक्चर दाखवायला उडण्यापेक्षा जास्त पैसे लागतात हे मला कुणीतरी समजावून द्यावं.

सायकलवरून आपल्या दुसऱ्या सायकलवाल्याची आठवण होणं साहजिक आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, जिभेने 'ट्टॉक्' करणारा. तोही एका अर्थाने सुपरहिरोच. शत्रूच्या तावडीतून सुटायचा, मोठ्यांना जमत नाही ते करायचा, आणि योगायोग तर असे की आज कुणी लिहिले तर संपादक परत पाठवील. भागवतांनी अतिशयोक्तीत हात आखडता घेतला नव्हता. पण फेणेची सायकल ही सायकल होती. तिचा वेग म्हणजे त्या काटकुळ्या पोराच्या पायांचा वेग. सांगलीला दुपारी बाराला शाळा सुटल्यावर उन्हात सायकल मारत घरी जाणाऱ्या मला तो वेग मांड्यांमध्ये कळायचा. फेणे वाचून मी अंगणात सायकल उलटी करून चेन उतरवली होती आणि परत चढवता न आल्याने रडलेही होते. 'शिवा' पाहून माझा भाचा काय करतो? टीव्हीच्या रिमोटकडे जास्त आदराने बघतो.

इथे माझी बाजू उघड करते, म्हणजे तुम्हाला हिशेब लावता येईल. बाबांचं सांगलीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात शेतकरी जळालेल्या पंपाच्या मोटारी घेऊन रांग लावायचे. जळक्या वार्निशचा वास आमच्या वह्यांनाही यायचा. मोटार का जळली हे बाबा वासावरून आणि तांब्याच्या रंगावरून सांगायचे: एक फेज गेला होता, की बेअरिंग जाम झालं होतं, की व्होल्टेज कमी असताना हट्टाने चालवली होती. प्रत्येक जळक्या मोटारीला गोष्ट होती आणि त्या गोष्टीत बहुतेक वेळा माणसाचा काहीतरी दोष असायचा. आता मी बॅटऱ्यांवर पोस्टडॉक करते. बॅटरी किती चांगली चालते यापेक्षा ती कशी आणि का मरते, यातच माझे दिवस जातात. त्यामुळे न मरणारं यंत्र दिसलं की मला राग येतो. धंद्याचा दोष म्हणा.

त्या शनिवारी पाहुणे गेल्यावर भाच्याने विचारलं, "मावशी, तू शिवाच्या सायकलची बॅटरी बनवू शकतेस?" मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. शिवा अठ्ठावीस किलोचा धरला (भाचा तेवढा आहे), सायकल बारा किलोची. एकूण चाळीस. सायकलला पंखे बसवले, सगळ्यांचं मिळून अर्धा चौरस मीटर. एवढं ओझं हवेत नुसतं तरंगत ठेवायला, गळती-घर्षण धरून, साधारण दहा किलोवॉट लागतात. दहा किलोवॉट म्हणजे केवढे? दोन किलोवॉटचे पाच गीझर एकदम लावले तर जेवढी वीज लागेल तेवढे. आजची चांगली लिथियम-आयन बॅटरी, तिचा डबा आणि तारा धरून, किलोमागे दोनशे वॉट-तास देते असं समजा. पाच किलोची बॅटरी म्हणजे एक किलोवॉट-तास. दहाने भागा.

"सहा मिनिटं?" भाच्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "मोठी बॅटरी लावू." लावू की. पण पाच किलोच्या जागी दहा किलो लावली की ओझंही वाढलं, आणि वाढलेलं ओझं उचलायला जास्त वीज लागली. बॅटरी दुप्पट, वेळ काही दुप्पट नाही. हे त्याने स्वतः गणित करून पाहिलं आणि दोन मिनिटं गप्प बसला. नंतर जे म्हणाला त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला: "म्हणजे तीन मिनिटं गेली की शिवाने परत फिरायला पाहिजे. नाहीतर समुद्रात पडेल. पण चोर तर अजून पुढे आहे!"

बघा, कुणीही न शिकवता आठ वर्षांच्या पोराला पटकथेचा पेच सापडला. चोर पुढे आहे आणि बॅटरी अर्धी संपली. यापुढे शिवाला डोकं चालवावं लागेल, किंवा हरावं लागेल, किंवा कुणाची मदत घ्यावी लागेल. अमर्याद बॅटरीमध्ये यातलं काहीच घडत नाही. फक्त चोराला किती वेळ पळू द्यायचं एवढंच लेखकाच्या हातात उरतं, आणि तो त्याला बरोबर जाहिराती येईपर्यंत पळू देतो.

तंत्रज्ञानाचं वास्तव म्हणजे भौतिकशास्त्राची परीक्षा नव्हे. २००९ ते २०१२ मध्ये 'आयर्न मॅन: आर्मर्ड ॲडव्हेंचर्स' नावाची मालिका आली होती. संगणकावर केलेली, पण कॉमिकसारख्या सपाट रंगांची. त्यातला टोनी शाळकरी मुलगा आहे. त्याचं कवच शास्त्राच्या कसोटीवर पहिल्याच मिनिटाला नापास होईल. पण त्याच्या छातीतलं यंत्र वेळच्या वेळी चार्ज करावं लागतं, आणि कवचाची वीज नको तेव्हा संपत येते. तेवढ्यावर ते कवच खरं वाटतं. 'डोरेमॉन' तर सरळसरळ जादू आहे, पोटावरच्या खिशातून काय वाट्टेल ते निघतं. पण नोबिता प्रत्येक यंत्र हावरटपणे वापरतो आणि ते त्याच्यावरच उलटतं. आपल्या मुलांनी हिंदीत डबिंग केलेला नोबिता इतका प्रेमाने पाहिला, कारण त्याच्या गोष्टीत यंत्राची किंमत चुकवावी लागते.

आता दुसऱ्या बाईंकडे, "निदान आपलं तरी आहे" वाल्यांकडे वळते. इथे मी जरा जास्त कडक होणार आहे.

२०१३ च्या नोव्हेंबरात कार्टून नेटवर्कवर 'चक्र: द इन्व्हिन्सिबल' आला. स्टॅन ली आणि ग्राफिक इंडियाचे शरद देवराजन यांनी मिळून घडवलेला भारतीय सुपरहिरो. नायक राजू राय, मुंबईचा मुलगा. डॉ. सिंग नावाचे शास्त्रज्ञ एक सूट तयार करतात. तो घातला की शरीरातली सात चक्रं जागी होतात आणि प्रत्येक चक्राची एक शक्ती मिळते. कल्पना म्हणून झकास. मला मुंबईचा सुपरहिरो हवाच होता. पण सूट करतो काय? चक्रं जागी करतो. कशी? ती चक्रं आहेत म्हणून. शास्त्रज्ञ आहे, प्रयोगशाळा आहे, चकचकीत दिवे आहेत, आणि ऐन इंजिनिअरिंगची वेळ आली की परंपरेकडे बोट. यात परंपरेचा मान नाही आणि यंत्राचाही नाही. दोघं एकमेकांच्या आड लपतात. आणि आपण परदेशातले आईबाप खूश, की बघा, मुलाला चक्र हा शब्द कळला! मूलाधार सांगता येणाऱ्या आणि घरातला फ्यूज कुठे असतो हे न सांगता येणाऱ्या मुलांची एक पिढी आपण मरीनापासून न्यू जर्सीपर्यंत वाढवतो आहोत.

परंपरेचंच बघायचं तर मारुतीकडे बघा. वाल्मीकींच्या सुंदरकांडाच्या सुरुवातीला तो लंकेकडे उडी घेतो. ती उडी कशी लिहिली आहे? आधी तो महेंद्र पर्वतावर पाय रोवून दबतो. त्या दाबाने पर्वत हलतो, कड्यांतून पाणी फुटतं, गुहांतले प्राणी ओरडत सुटतात, साप दगडांना डसतात. तो झेपावतो तेव्हा त्याच्या वेगाने झाडं उपटली जातात आणि थोडं अंतर त्याच्या मागे जातात, दूरच्या प्रवासाला निघालेल्या आप्ताला पोचवायला घरची माणसं जातात तशी. मग ती समुद्रात पडतात. अहो, यात दबणं आहे, प्रतिक्रिया आहे, मागून ओढलं जाणं आहे. ॲनिमेशनच्या वर्गात पहिल्या वर्षाला जे शिकवतात ते सगळं या एका उडीत आहे. आणि उडण्याआधी मारुतीला स्वतःच्या शक्तीचा विसर पडलेला असतो, जांबवंताला आठवण करून द्यावी लागते. बिघाड आणि दुरुस्ती दोन्ही झाली! त्यामुळे "कार्टूनमध्ये कसलं लॉजिक शोधता, आपल्या पुराणांतही लोक उडायचेच" हा युक्तिवाद माझ्यापुढे करू नका. पुराणांतले लोक तुमच्या शिवापेक्षा फार जड होते.

पुण्याच्या रिलायन्स ॲनिमेशनचा 'लिटल सिंघम' (२०१८) घ्या किंवा हैदराबादचा 'छोटा भीम' घ्या, फार फरक नाही. तिथे यंत्र कमी आणि बुक्के जास्त, म्हणून माझा राग कमी. भीमाला निदान लाडू खावा लागतो. इंधनाची ती एकमेव प्रामाणिक नोंद मला आपल्या कार्टूनांत सापडली.

आता तुम्ही विचाराल की यात दुबईचा काय संबंध. ताईच्या बाल्कनीत या, दाखवते. खाली मरीनाच्या कालव्यावर झिपलाइन आहे. जेबीआरच्या बाजूच्या एका मनोऱ्यावरून, साधारण १७० मीटर उंचीवरून निघते आणि किलोमीटरभर जाऊन मरीना मॉलपाशी उतरते. माणसं पोटावर आडवी, हात पुढे, अगदी सुपरमॅन. दोघं दोघं शेजारून सू करत जातात. माझ्या भाच्याला ते रोजचं झालं आहे. मी त्याला दुर्बिणीतून निघण्याचं टोक दाखवलं. तिथे माणसं आहेत. ती प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहतात, कडी पुन्हा पाहतात, मग सोडतात. सुपरमॅनच्या मागे पट्टा ओढून बघणारा माणूस.

आणि या शहराने खरा उडणारा माणूसही पाहिला आहे. २०१५ मध्ये इव्ह रॉसी आणि व्हिन्स रेफे हे दोघं पाठीवर जेट इंजिनांचा पंख बांधून दुबईवर उडाले, बुर्ज खलिफाच्या आसपास. २०२० च्या फेब्रुवारीत रेफे जमिनीवरून थेट उठला आणि १८०० मीटरपर्यंत गेला. उतरायला तेव्हाही पॅराशूटच लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सराव करताना तो गेला. छत्तीस वर्षांचा होता. हे मी भाच्याला सांगितलं नाही अजून. सांगेन. पण कार्टूनमध्ये उडणं फुकट आहे हे ज्याने हजारदा पाहिलं त्याला ते कसं सांगायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

दुबईनेच स्वतःचं कार्टूनही बनवलं, २००६ सालचं 'फ्रीज'. मोहम्मद सईद हारिब यांचं. चार अमिराती आज्या, बुरख्यातल्या, जुन्या मोहल्ल्यात राहणाऱ्या, आणि आजूबाजूला मनोरे उगवत चाललेले. त्यातली एक आजी लॅपटॉपवर शेअर बाजार बघते. सुपरहिरो नाही, उडणं नाही. पण झपाट्याने बदलणाऱ्या शहरात यंत्र माणसाच्या मांडीवर येऊन कसं बसतं हे त्या आजीत दिसतं. त्यांनी आपल्या आज्यांकडे बघून काढलं. आपण कुणाकडे बघून काढतो?

माझा संशय असा की आपण आपल्याकडेच बघून काढतो. मरीनातल्या आपल्या आयुष्यात काही बिघडत नाही. म्हणजे बिघडतं, पण आपण खाली फोन करतो, कुणीतरी येतं, आपण दुसऱ्या खोलीत जाऊन मीटिंग करतो, आणि बाहेर येतो तेव्हा ते चालू झालेलं असतं. नळ, लिफ्ट, एसी, गाडी. शिवाची सायकल आपल्याला खटकत नाही, कारण आपण सगळे शिवाच्या सायकलवर बसलो आहोत. मरीनात रात्री अकराला दुचाकीवरून खरोखर जिवावर उदार होऊन धावणारा तरुण येतो आणि त्याच्या पाठीमागच्या पेटीत आपली बिर्याणी असते. त्याची चेन कोण ओढून देतं, टायरला हवा कुठे भरतो, आपण कधी विचारलं आहे? मीही नाही विचारलं. मोटार रिवाइंडिंगवाल्याची मुलगी असून नाही.

ऑगस्टमध्ये ताईकडचा एसी बंद पडला. बाहेर पंचेचाळीस अंश. इमारतीच्या मेंटेनन्सने चार वेळा "माणूस निघालाय" सांगितलं. पाचव्यांदा खरंच आला. आझमगडचा, चाळिशीचा, हातात एकच पिशवी. ताई भाच्याला घेऊन मॉलमध्ये निघाली होती, पण मी त्याला थांबवून घेतलं. स्टुलावर उभं राहून त्या माणसाने छतातली झडप उघडली. आतून गुणगुण येत होती, पण पंखा स्थिर. मी नकळत म्हणाले, "कपॅसिटर." त्याने वळून पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. मोटार गुणगुणते पण फिरत नाही, पातं हाताने ढकललं की निघते: सांगलीच्या दुकानात हे मी दहा वर्षांची असताना शिकले होते. त्याने वीज बंद केली, जुना कपॅसिटर काढला, पेचकसाने त्याची दोन्ही टोकं जोडली. टिक! बारीकशी ठिणगी. भाच्याने माझा हात घट्ट धरला. "उसमें अभी भी जान बाकी थी," तो माणूस म्हणाला.

वीस मिनिटांचं काम. त्या वीस मिनिटांत पोराने टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही. जुना कपॅसिटर त्याने मागून घेतला. आता तो त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे, शिवाच्या स्टिकरच्या शेजारी. रात्री झोपताना त्याने विचारलं, शिवाच्या सायकलचा कपॅसिटर गेला तर शिवा कुणाला फोन करतो.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी जे कुणी गोरेगावच्या, पुण्याच्या, हैदराबादच्या स्टुडिओंत काम करतात किंवा ज्यांचा भाऊ, मेहुणा, मैत्रीण तिथे आहे, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमचं बजेट वाढवा असं मी म्हणत नाही. एक भाग करा. चोर पुढे गेला आहे, शिवाने बटण दाबलं आहे, आणि सायकल उडत नाही. नाना-नानी झोपलेत, दुकान बंद आहे, गल्लीच्या कोपऱ्यावर हवा भरणारा एक म्हातारा आहे ज्याच्याकडे शिवाने आजवर कधी बघितलं नाही. शिवाला सायकल उलटी करता येत नाही. म्हाताऱ्याला येते.

सुरुवात कुठून करायची ते सांगते: मोटार गुणगुणते आहे, पण फिरत नाही.